एलपीची गाणी सुटी करायचं सॉफ्टवेअर : आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये लॅपटॉपची डिस्क गेली. अण्णांच्या एलपींचं (मोठ्या तबकड्यांचं) सगळं रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर होतं, त्यामुळे आवाज वाचला. अकरा एलपींवर मी केलेल्या खुणा मात्र गेल्या. कोणतं गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं, कुठे संपतं, हे गाणी सुटी करायला घेतलेल्या विकतच्या सॉफ्टवेअरने फक्त त्यालाच वाचता येईल अशा फाइलीत ठेवलं होतं, आणि नव्या डिस्कवर त्याचं लायसन्स चालेना. कंपनीला सहा मेल पाठवले. उत्तर एकच: तुमची परवानगी संपली, पुन्हा विकत घ्या. दोन हजारांहून जास्त रुपये एकदा मोजले होते. त्याच कामाचे पुन्हा मोजणार नाही. गेले तीन महिने ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करून कापायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर आहे.

विकतच्या सॉफ्टवेअरने सुरुवातीला मला खरंच खूश केलं होतं. माणिक वर्मांच्या भावगीतांची एलपी चढवली, एक बटण दाबलं, शांत जागा शोधून त्याने सगळी गाणी वेगळी करून दिली. दोघा-चौघांना मी ते घ्या म्हणून सांगितलंही. मग ओरखडा पडलेली एलपी आली.

हे सविस्तर सांगतो, कारण मला कुणी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीवरून आडवा ओरखडा गेला असेल तर दर 1.8 सेकंदाला ‘टक्’ होतं. मी किमान शांतता 2 सेकंद ठेवली होती, म्हणजे तेवढी सलग शांतता मिळाली तरच सॉफ्टवेअर कापणार. सलग दोन सेकंद शांतता त्या पट्टीत मिळणारच कुठून? तीन गाणी एका फाइलीत आली. शांतता दीड सेकंदावर आणली, तर गाण्यात जिथे जिथे वाद्यं थांबली तिथेही काप पडले. तेव्हा मी सगळा राग सॉफ्टवेअरवर काढला. पुढे ऑडॅसिटीच्या, आपोआप खुणा लावणाऱ्या ‘लेबल साउंड्स’नेही हुबेहूब तेच केलं, तेव्हा माझं मत बदललं. 45 फेऱ्यांच्या ईपीवर (छोट्या तबकडीवर) तर तोच टक् 1.33 सेकंदाला येतो. ‘क्लिक रिमूव्हल’ने बारीक टक् जातात, खोल ओरखडा राहतोच, आणि जोर वाढवला की तबल्याची चाट बोथट होते. माझ्या मते हा सौदा वाईट आहे.

ख्यालाच्या एलपीवर याहून वाईट हाल. मी मिरजेत वाढलो, सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळताना ऐकत. भीमसेन जोशींच्या एका एलपीवर तंबोरा हळूहळू वर येतो. आवाजाची पातळी (तिच्याहून हळू ते सगळं शांतता) उणे 30 डेसिबलवर ठेवली, तर तंबोऱ्याची पहिली आवर्तनं सॉफ्टवेअरला शांतता वाटली. ती कापली गेली आणि षड्ज एकदम अंगावर आला. उणे 45 वर नेली, तर तबकडीची खरखरच गाणं ठरली आणि अख्खी बाजू एकसंध. या दोन आकड्यांच्या मधे मी किती वेळ घालवला! तंबोऱ्याचे ते दोन-चार सेकंद गेले तर माझ्यासाठी सगळं डिजिटल करणंच वाया गेलं.

आता आपोआप काहीच करत नाही. तबकडी उजेडात तिरकी धरून कोऱ्या पट्ट्या मोजतो, म्हणजे गाणी किती ते कळतं. मग रेकॉर्डिंग ऐकता ऐकता गाणं सुरू झालं की कंट्रोल-एम दाबतो, लेबल म्हणजे खूण पडते, त्यात नाव लिहितो. नंतर आवाजाचा आलेख मोठा करून लेबल थोडं मागे, तंबोऱ्याच्या आधी सरकवतो. सहा गाण्यांच्या बाजूला ऐकण्याव्यतिरिक्त दहा मिनिटं लागतात. शेवटी निर्यात करताना अनेक फाइलींचा पर्याय निवडला की लेबलांप्रमाणे सगळी गाणी नावानिशी सुटी होतात. नावाआधी क्रमांक घालायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्हवर गाणी अक्षरांच्या क्रमाने वाजतात. रागाचे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भाग मी आधी वेगळे करायचो, आता करत नाही. कारण गाडीतला प्लेअर दोन फाइलींच्या मधे क्षणभर थांबतो आणि सम हुकते.

ऑडॅसिटीचं मला सगळ्यात जास्त भावलं ते हे, की लेबलं साध्या टेक्स्ट फाइलीत बाहेर काढता येतात. सुरुवात, शेवट, नाव, बस. नोटपॅडमध्ये उघडते, उद्या ऑडॅसिटी नसलं तरी वाचता येईल. प्रत्येक वेव्ह फाइलीशेजारी मी ती ठेवतो. जूनचा अनुभव घेतल्यावर माझ्यासाठी एवढंच पुरेसं होतं.

तक्रारी आहेत. एकदा सगळी लेबलं लावून झाल्यावर सुरुवातीची खरखर कापली, तर आवाज मागे सरकला आणि लेबलं जागच्या जागी राहिली. सगळे काप चुकले. सिंक-लॉक (आवाजाबरोबर लेबलंही सरकवणारी सोय) चालू ठेवा किंवा आधी कापा, मग लेबलं लावा. दुसरं म्हणजे जागा. प्रोजेक्ट 32 बिटमध्ये साठतो, मिनिटाला साधारण 21 एमबी, म्हणजे 22 मिनिटांची एक बाजू साडेचारशेच्या वर जाते. मी 16 बिट वेव्ह काढून घेतो, लेबलांची फाइल ठेवतो आणि प्रोजेक्ट पुसतो. त्यासाठी नवी डिस्क विकत घेणं मला पटत नाही.

मावसभावाने अख्ख्या बाजूची एमपी3 पाठवली होती, तिला मात्र एमपी3डायरेक्टकट वापरलं. तेही फुकट, विंडोजवर चालतं आणि एमपी3 पुन्हा नव्याने न बनवता (एन्कोड न करता) कापतं, त्यामुळे आवाज आणखी खराब होत नाही.

अकरापैकी सात एलपींच्या खुणा परत करून झाल्या आहेत. राहिलेल्या चारांत ती ओरखड्याची आहे, ती या रविवारी घेतो.