कुंपणालगत मोगरा की अनंत?

कुंपणाकडेच्या वाफ्यात उन्हाळ्यात वासाची फुलं हवीत आणि दरवर्षी नव्यानं लावायचा खटाटोप नको, म्हटलं की गाडी मोगरा आणि अनंत या दोघांवरच येऊन थांबते. निशिगंधही आहे, पण त्याचे दांडे वाऱ्यानं आडवे होतात आणि दोन-तीन वर्षांनी कंद उकरत बसावं लागतं. पुण्यात आमच्याकडे मोगरा आणि अनंत दोन्ही लावून झाले.

दिसायला अनंत उजवा, यात वाद नाही. बाराही महिने चकचकीत पानं, आणि एकच फूल पेल्यात ठेवलं तरी खोली घमघमते. मोगऱ्याचं झुडूप फुलं नसताना अगदीच गबाळं दिसतं. डिसेंबरअखेर पाणी तोडून छाटणी करायची राहिली, तर उन्हाळ्यात पालाच जास्त. अळीही कळ्या पोखरते. जांभळट कळी दिसली की खुडून टाकायची.

अनंताला मात्र आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ५ ते ६. आमची काळी माती आणि बोअरचं जड पाणी नेमकं उलट. दुसऱ्याच वर्षी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. एवढंही चालवून घेतलं असतं. जीव खाल्ला तो कळ्यांनी. पीळ दिल्यासारखी ती हिरवी कळी दिवसेंदिवस फुगते, टोकाशी पांढरं डोकावतं, आणि सकाळी बघावं तर आळ्यात पडलेली! एका मे महिन्यात वीसेक कळ्या वेचल्या, फुलं मिळाली चार. पाणी चुकलं म्हणून गळतात, जास्त झालं म्हणूनही गळतात.

त्याच मातीत, त्याच पाण्यावर मोगरा मुकाट फुलतो. संध्याकाळी ओंजळभर टपोऱ्या कळ्या निघतात. चार माठात, उरलेल्या आईच्या गजऱ्याला.

अर्थात हा आमच्या वाफ्याचा अनुभव. तुमच्याकडे जांभ्याची माती आणि विहिरीचं मऊ पाणी असेल, तर अनंत जरूर लावा. रत्नागिरीला बहिणीच्या परड्यात तो पुरुषभर वाढलाय, आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. जूनमध्ये तिच्याकडे गेलो की दोन फुलं रुमालात गुंडाळून आणतो. पुण्यात पोहोचेपर्यंत ती पिवळी पडतात, पण गाडीभर वास असतो.