डिझायरच्या डिक्कीला बाहेरचं झाकण: दिवाळी ते पोळा, वापरानंतरचा अनुभव

होळीपर्यंत कोणीही विचारलं तरी मी हे बाहेरच्या कंपनीचं झाकण घ्याच म्हणून सांगत होतो. आता तसं सांगणार नाही. परवा विकणाऱ्याने फोनवर "रंग मारलेला माल परत होत नाही, दादा" म्हणून हात वर केले, तेव्हा सगळंच लिहून टाकतो.

गाडी 2013 ची डिझायर, सिल्व्हर. कापसाच्या जिनिंगच्या रांगेत पुढच्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली मागे घेतली आणि तिचा कोपरा डिक्कीत घुसला. बंपर आणि दिवे वाचले, पण झाकणाचा आतला सांगाडाच मुडपला. ठोकून सरळ करण्यात अर्थ नव्हता. इन्शुरन्स फुल आहे, तरी क्लेम केला नाही. गाडी दहा वर्षांवरची झाली की लोखंडी भागावर 50 टक्के घसारा कापतात, वरचे 1000 रुपये आपल्याच खिशातून जातात, शिवाय नो क्लेम बोनसवर पाणी. एवढं करून हातात पडतं काय? मूळ कंपनीचं झाकण परवडत नव्हतं, नागपूरच्या भंगारात धड असं मिळालं नाही, म्हणून साधारण निम्म्या किमतीत बाहेरचं घेतलं.

हे झाकण काळ्या प्रायमरमध्ये कोरं येतं. लॉक, वायरिंग, नंबरप्लेटवरचे दिवे, टेकणाचे रबरी गुट्टे, सगळं जुन्यावरून काढून लावायचं. हिंगणघाटच्या आमच्या डेंटरने रंगाला हात लावायच्या आधी ते नुसतं बसवून पाहिलं. बिजागरीची भोकं जुळली, दोन्ही बाजूंची फट सारखी आली. रंगाचं तर कौतुकच करतो. सिल्व्हरमधले चमकीचे कण जरा इकडेतिकडे झाले की उन्हात ठिगळ दिसतं, पण आमच्याकडचा अख्खा उन्हाळा काढूनही हे झाकण शेजारच्या क्वार्टर पॅनलपासून, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यापासून, वेगळं ओळखू येत नाही.

पत्रा मात्र हलका आहे. बिजागरीजवळच्या पिळाच्या सळ्या मूळ झाकणाच्या वजनाच्या हिशेबाने असतात, त्यामुळे हे झाकण लॉक सुटल्याबरोबर झटक्यात वर येतं. वाकून उघडणाऱ्याच्या हनुवटीला लागेल असं. डेंटरने सळीचं टोक एका खाचेने सैल केलं, आता बरं आहे. हे घरी कोणी करू नका. त्या सळीत एवढा ताण असतो की निसटली तर बोट जाईल. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचंही आधीच ठरवून ठेवा. तिचं लॉक तोडल्याशिवाय निघत नाही आणि तुटलेलं परत लागत नाही. साध्या बोल्टने कसून फिरू नका, नवं लॉक अधिकृत सेंटरवरूनच बसवून घ्या.

आता धूळ. इथून पुढे मला बाकी काही दिसत नाही, हे आधीच सांगतो.

गाव राळेगाव तालुक्यात. वडकीला महामार्ग लागेपर्यंत निम्मा रस्ता खडीचा, त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टरने चाळलेली काळी माती मैद्यासारखी उडते. घरच्यांचा बचत गट आहे. तूरडाळ, सांडगे, मुगवड्यांची पाकिटं डिक्कीतून हिंगणघाटला जातात. जुन्या झाकणात पाकीट जसं ठेवलं तसं निघायचं. या झाकणात प्रत्येक पाकिटावर राखाडी थर, लेबलवर बोट फिरवलं तर रेघ उठते. दुकानदार काकांनी एकदा खोकंच परत केलं. माल आत स्वच्छ होता, पण गिऱ्हाईक वरून बघतं. बायांनी रात्री जागून भरलेली पाकिटं फडक्याने पुसत बसावं लागलं, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आधी संशय बंपरमागच्या हवेच्या झडपांवर गेला. केबिनमधली हवा बाहेर जायला तिथे रबरी पापण्या असतात. ट्रॉलीच्या धक्क्याने त्या अडकल्या असतील म्हणून बंपर उतरवला. पापण्या ठणठणीत. मग डेंटरने वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, डिक्कीच्या तोंडाभोवतीच्या रबरावर एकेक ठेवून झाकण लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. वरच्या कडेला पट्टी फाटते पण निघत नाही. डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात मात्र ती अलगद बाहेर आली. रात्री मोबाइलची बॅटरी लावून आत ठेवली, तर त्याच कोपऱ्यातून उजेडाची रेघ. डेंटर म्हणाला, "भाऊ, फट बाहेरून सारखीच दिसते, पण आतली कड रबरले टेकतच नाही तं धूळ येईनच ना." धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, चाकांची धूळ तिथेच घोळत राहते आणि जिथे फट सापडेल तिथून आत शिरते. म्हणून पाण्याच्या पाइपने तपासलं तेव्हा गळती दिसली नव्हती. पाणी बाहेरच्या पन्हाळीतून वाहून जातं, धूळ जात नाही.

लॉक ज्यात अडकतं ते कडं थोडं खाली घेतलं, गुट्टे आत फिरवले. फरक पडला, पण कोपरा राहिला. जाड रबर लावू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. जाड रबराने बाकी सगळीकडे झाकण उचलतं आणि लॉक ताणावर राहतं. शेवटी लाकडी गुटका लावून त्याने ती कड हलकेच बाहेर काढली. आता पट्टी तिथेही अडकते, आधीइतकी घट्ट नाही एवढंच.

एक उपाय मात्र फुकटात सापडला. खडीच्या रस्त्यावर काचा बंद करून बाहेरची हवा चालू ठेवायची, ब्लोअर दोनवर. केबिनमधला दाब वाढतो, तो मागच्या सीटमागून डिक्कीतही पोचतो आणि धूळ आत ओढली जात नाही. पाकिटांवरचा थर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. मे महिन्यात बाहेरची हवा घेतली की एसी दमतो, पण डाळीसाठी तेवढं सोसतो.

होळीला माझं मत इथवर आलं होतं: पत्रा बरा, माप एका कोपऱ्यात चुकलेलं, किमतीच्या मानाने चालेल. मृगानंतर तेही बदललं. झाकणाच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो, त्या दुमडीवर सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप, हवा. याला अर्ध्या लांबीतच आहे, बाकी ठिकाणी नुसता प्रायमर. नखाने खरवडलं तर लाल गंज. ही जागा कोपऱ्यापासून लांब आहे, तिथे डेंटरचा हात लागलेला नाही, म्हणजे दोष कारखान्याचाच. डेंटरने घासून इपॉक्सी प्रायमर आणि सीलर लावून दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत.

तुम्ही घ्यायला जाल तर दुकानातच झाकण उलटं करून दुमड पूर्ण बघा. गाडीवर कोरं बसवलं की बाहेरच्या फटीवर समाधान मानू नका, रबरावर चौफेर कागदाची पट्टी ओढा. रंग त्यानंतर.

विकणाऱ्याचं म्हणणं, फिटिंगची चूक. मी पट्टीचा व्हिडिओ, दुमडीचे फोटो आणि बिल जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तेव्हा त्याचा सूर बदलला. आता कोरं झाकण बदलून देतो म्हणतो, रंगाची मजुरी नाही. रंगाला झाकणापेक्षा जास्त पैसे गेलेत. नुसत्या पत्र्यावर मी मिटवणार नाही, तसं त्याला लेखी कळवलं आहे.