४१ टक्क्यांवर बंद पडलेली बॅटरी: ऐरोलीतल्या घरातला दहा महिन्यांचा अनुभव

जूनमधली रात्र. दीड वाजता लाइट गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. उठून इन्व्हर्टरचा स्क्रीन बघितला, बॅटरी ४१ टक्के. घरात फ्रिज, तीन पंखे, राउटर आणि अण्णांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) एवढंच चालू होतं, म्हणजे जेमतेम ३०० वॅट. बॅटरी ५.१२ किलोवॅट-तासांची. खालचे २० टक्के राखीव सोडले तरी वर २१ टक्के उरतात, म्हणजे एक युनिटभर. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही तीन तास निघायला हवेत. मनातल्या मनात हा हिशेब केला आणि निश्चिंत होऊन झोपले.

दोन वाजून दहा मिनिटांनी सगळं एकदम बंद. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे. मास्क तोंडावर आणि हवा बंद, धडपडत उठून बसले. अंधारात त्यांचा हात मास्कचा पट्टा शोधत होता तो आवाज मला अजून ऐकू येतो. सकाळी अ‍ॅपवरचा आलेख उघडला: ४१, ३९, ३८, मग थेट ९, आणि पुढे काहीच नाही.

त्या दिवशी रागाच्या भरात मी एक लांबलचक मजकूर लिहून ठेवला होता, ‘लिथियम बॅटरी घेऊ नका’ म्हणून. बरं झालं तो कुठे टाकला नाही. आज माझं मत तसं नाही. पण त्या टक्क्यांच्या आकड्याबद्दल मला जे म्हणायचंय ते म्हणणारच आहे, कारण विकणारा त्यावर एक शब्द बोलत नाही आणि घेणाऱ्याचा सगळा भरवसा त्याच आकड्यावर असतो.

थोडं मागचं सांगते. आमचं सिडकोचं रो हाउस. गच्चीवर २०१९ पासून ३३० वॅटची नऊ सोलर पॅनल्स आहेत, ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेली, दिलेली-घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर लावलेला. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ तुम्हालाही आठवत असेल. कळवा-पडघा वाहिन्यांमधल्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली होती. दहाचं लख्ख ऊन, गच्चीवर जवळजवळ तीन किलोवॅटची पॅनल्स आणि घरात पंखा बंद. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्याच गच्चीवरून शॉक बसेल. नियम योग्यच आहे आणि तो मला माहीतही होता. पण माहीत असणं वेगळं आणि भर उन्हात घामाघूम होऊन बसणं वेगळं.

तेव्हा जिन्याखाली जुना इन्व्हर्टर आणि एक १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण २०२४ मध्ये अण्णांना सीपॅप लागलं आणि ट्यूब्युलरही दमली. मग दोन कोटेशनं घेतली. एकात चार नव्या ट्यूब्युलर, ६४ हजार. दुसऱ्यात भिंतीवर लावायची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, १ लाख ८ हजार. कागदावर चार ट्यूब्युलर ७.२ युनिटच्या दिसतात, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी साडेतीनच. शिवाय एकेक ५५-६० किलोची, डिस्टिल्ड वॉटर घालत बसा, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो म्हणून हवा खेळती ठेवा. एलएफपीतून चार-साडेचार युनिट बिनधास्त वापरता येतात आणि वजन पन्नास किलोच्या आत. नवऱ्याला आगीची धास्ती होती, ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्यांमुळे. फॉस्फेटच्या रसायनात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे इतर लिथियम प्रकारांच्या मानाने ती तापून भडकण्याचा धोका बराच कमी, हे त्याला नीट वाचून दाखवलं तेव्हा तो तयार झाला. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं, म्हणून बॅटरी जमिनीपासून साडेतीन फुटांवर लावून घेतली. ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल्स, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) ७८ हजार, बॅकअपवर चालणाऱ्या गोष्टींसाठी वेगळी डीबी, म्हणजे स्विचची पेटी, आणि वायरिंग १४ हजार. एकूण बरोबर दोन लाख. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान पॅनल्सच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही.

दोन लाख वसूल कसे होणार, हे विचारू नका. होणारच नाहीत. नेट मीटर असताना दुपारचं युनिट लाइनवर द्यायचं आणि रात्री तेच परत घ्यायचं, युनिटला युनिट. तेच युनिट बॅटरीतून फिरवलं तर वाटेत दहा-पंधरा टक्के गळतं. विक्रेत्याने ‘पाच वर्षांत पैसे परत’ असा तक्ता दाखवला होता, त्यात ही गळती नव्हती आणि नेट मीटरही नव्हता. काटकसरीसाठी बॅटरी घेत असाल तर आमच्यासारख्या घरात ती घेऊ नका. आम्ही ती अण्णांच्या झोपेसाठी घेतली. म्हणून तर जूनच्या त्या रात्रीचा एवढा राग.

आता त्या आकड्याकडे येते. जुनी ट्यूब्युलर उतरायला लागली की कळायचं. व्होल्टेज हळूहळू घसरायचं आणि इन्व्हर्टर बराच आधी शिट्टी मारायला लागायचा. दमत दमत जायची ती. एलएफपीचं तसं नाही. आमच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे सोळा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, ५१.२ व्होल्ट. ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत उतरताना तिचं व्होल्टेज जेमतेम एक-सव्वा व्होल्टने हलतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी त्यातला बराच फरक तेवढ्यापुरता पडतो. मग शेवटी शेवटी कड्यावरून पडावं तशी एकदम खाली. त्यामुळे व्होल्टेज बघून टक्के सांगणं म्हणजे सपाट रस्त्यावर उभं राहून समुद्रकिनारा किती दूर आहे ते उतारावरून ओळखणं. खरा हिशेब बॅटरीच्या आतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, ठेवतं: किती करंट आत आला, किती बाहेर गेला. तो आकडा एका केबलने इन्व्हर्टरला कळवायचा असतो.

हे सगळं मला जूनमध्ये माहीत नव्हतं. तीन आठवडे मी दोघांच्या मध्ये टोलवली जात होते. सिस्टिम बसवणारा म्हणाला, “मॅडम, सेल गेलाय, बॅटरी कंपनीला पाठवा.” बॅटरीवाल्याने फोनवरच निदान केलं, “बॅटरी हेल्दी आहे, तुमचा इन्व्हर्टर चुकीचा आहे.” बॅटरी पाठवायची तर काढणं, पॅकिंग, टेंपो सगळं आमच्या खर्चाने, आणि तोवर अण्णांनी रात्री काय करायचं याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. बसवणाऱ्याचा माणूस एकदा आला, मल्टिमीटर लावून ‘५२.६ आहे, ओके’ म्हणाला आणि व्हिजिटचे १,२०० रुपये घेऊन गेला. ५२.६ ला काहीच अर्थ नाही, हे आता मला कळतं. दोघांचीही नावं लिहीत नाही, कारण असं काम करणारे हे दोघंच असतील असं मला वाटत नाही.

उलगडा झाला तो शेजारच्यांकडे आलेल्या एका तरुण टेक्निशियनमुळे. विनंती केली म्हणून पाच मिनिटं आत आला. बॅटरीच्या खालचं झाकण उघडलं, केबल हातात धरून बघितली आणि म्हणाला, “काकू, ही तर नेटची साधी वायर आहे. हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीयेत.”

दोन्हीकडे खाच तीच, इंटरनेटच्या वायरीला असते तशी. त्यामुळे कोणतीही वायर खटकन बसते. पण आतल्या आठ तारांपैकी संदेशाच्या दोन कोणत्या, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुठे चौथी-पाचवी, कुठे सातवी-आठवी. सरळ वायर घातली तर बॅटरी एका तारेवर बोलते आणि इन्व्हर्टर दुसऱ्या तारेवर ऐकत बसतो. संदेश येईना म्हणून बसवणाऱ्याने इन्व्हर्टर लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगवर टाकून दिला होता. म्हणजे जानेवारीपासून जूनपर्यंत स्क्रीनवर दिसलेला प्रत्येक टक्का अंदाजपंचे होता. वर चार्जिंगही लेड-अ‍ॅसिडच्या मापाने. सोळा सेल एका पातळीवर आणण्याचं काम ज्या व्होल्टेजला सुरू होतं तिथपर्यंत बॅटरी पाच महिने पोचलीच नव्हती. त्यामुळे एक सेल मागे पडला, त्या रात्री तोच आधी तळाला गेला आणि बीएमएसने सगळ्यांनाच तोडलं. बॅटरीने जे केलं ते बरोबरच केलं होतं.

त्या मुलाने दोन्ही मॅन्युअल्स उघडून नवी वायर क्रिम्प केली, बॅटरीवरचे छोटे स्विच बदलले, इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा योग्य प्रोटोकॉल निवडला. वायर आणि मजुरी मिळून ३५० रुपये. स्क्रीनवर पहिल्यांदाच सेलचं तापमान आणि चार्जिंगची मर्यादा दिसायला लागली. तुमच्या घरी ही सिस्टिम असेल तर एवढं आजच बघा: अ‍ॅपमधल्या बॅटरीच्या पानावर बीएमएसची माहिती येते का, की ते रकाने कोरे आहेत? कोरे असतील तर तुमचे टक्केही आमच्यासारखेच.

इथे माझं मत बदललं, बॅटरी चांगली आहे असं मी सगळ्यांना सांगू लागले. मग ऑगस्ट आला. १८-१९ ऑगस्ट २०२५ चा पाऊस तर तुम्ही बघितलाच. त्या आठवड्यात एरवी दिवसाला बारा युनिट देणारी पॅनल्स दोन-दोन युनिटांवर आली. बॅटरी कधी पूर्ण भरेना, कधी पूर्ण उतरेना, अधेमधेच घुटमळत राहिली. मी लाइनवरून चार्ज करायला लावली, तर आकडा ९१ वरून उडी मारून १०० वर. म्हणजे केबल बरोबर असूनही नऊ टक्क्यांची चूक! ती या वेळी आमच्या फायद्याची होती, पुढच्या वेळी असेलच असं नाही. मोजणीतली बारीक चूक रोज साठत जाते आणि बॅटरी काठोकाठ भरली की बीएमएस ‘हे १००’ असं नव्याने मानून घेतं. पावसाळ्यात ते घडतच नाही. हे मॅन्युअलच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे. आता दर दुसऱ्या शनिवारी लाइनवरून पूर्ण भरण्याचा टायमर लावलाय.

आणखी एक सेटिंग होतं, त्याचाही राग आहेच. बसवणाऱ्याने बॅटरी रोज रात्री घरासाठी वापरायची असं ठेवलं होतं. म्हणून तर लाइट गेली तेव्हा ती ४१ वर होती. त्याने वाचवलं काय, तर नेट मीटरच्या हिशेबाने काहीच नाही. मी राखीव पातळी ८० टक्के केली. आता लाइट गेल्याशिवाय ती त्याखाली उतरत नाही. ‘६,००० सायकल’, म्हणजे तितक्या वेळा भरा आणि उतरवा, या जाहिरातीचा आम्हाला तसा उपयोग उरला नाही. आमची बॅटरी झिजेल ती वयाने आणि उकाड्याने, म्हणून जिन्याखाली जाळीचं दार करून घेतलं. खाडीची हवा आहे, तांब्याची टोकं हिरवी पडतात. सहा महिन्यांतून एकदा मेन बंद करून तीही तपासून घेते.

इन्व्हर्टरबद्दल एक तक्रार अजून कायम आहे. लग्नाला गावी गेलो तेव्हा निघण्याआधी रात्री सगळ्या एमसीबी पाडून मीटर बघितला: सहा तासांत ०.३३ युनिट, म्हणजे नुसता उभा राहून तो ५५ वॅट खातो. महिन्याला ४० युनिट. माहितीपत्रकात हा आकडा शोधूनही सापडला नाही. पाच किलोवॅटऐवजी तीनचा घेतला असता तर यातले थोडे तरी वाचले असते, आणि आमची पॅनल्स तीनचीच आहेत.

नवरात्रात एक रात्र मुद्दाम परीक्षा घेतली. अण्णांच्या मशीनला जुनी बॅटरी वेगळी जोडून ठेवली, नऊ वाजता मेन बंद केला आणि वहीत तासातासाला नोंदी केल्या. सकाळी सातला आकडा १०० वरून ३० वर. बॅटरीतून गेले साधारण ३.६ युनिट, घराला मिळाले ३, बाकीचे वाटेत आणि इन्व्हर्टरच्या पोटात. पण आकडा कुठेही उडी न मारता उतरला, दहाच्या दहा तास. त्या पहाटे मी त्या बॅटरीला मनापासून माफ केलं.

घ्यायला निघाला असाल तर विक्रेत्याला आधी विचारा की या बॅटरीचं या इन्व्हर्टरशी बोलणं कुठे सुरू असलेलं दाखवता का, आणि दोन्ही कंपन्यांच्या जुळणीच्या यादीत एकमेकांची नावं आहेत का. शेवटचे दहा टक्के पैसे बीएमएसचे आकडे स्क्रीनवर बघितल्यावरच द्या. वॉरंटीत बॅटरी नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा ते लिहून घ्या. ‘दहा वर्षं’ म्हणतात तेव्हा दहाव्या वर्षी किती क्षमता उरायला हवी तो आकडाही कागदावर हवा. आमच्या कागदावर ६० टक्के आहे, तो मी नंतर वाचला.

व्हिजिटचे १,२०० रुपये परत मागणारी तीन पत्रं मी बसवणाऱ्याला पाठवली आहेत, तिसरं रजिस्टर पोस्टाने. उत्तर आलेलं नाही. बॅटरीची ती जुनी निळी नेटची वायर मी टाकली नाही. वॉरंटी कार्डाच्या पाकिटात, पत्रांच्या प्रतींसोबत ठेवली आहे.