जुनी फुलकारी घ्यायची तर कोणती? बाग, सैंची की चोप

जुनी फुलकारी, म्हणजे रेशमाने भरलेली खद्दरची ओढणी, हातात आली की आधी ती उलटी करावी. पंजाबातल्या बायका हे भरतकाम कापडाच्या मागच्या बाजूने, खद्दरचे धागे मोजत करत. टाका रफूचा. मागून सुईने एकेकच धागा उचलायचा, म्हणजे रेशीम सगळं पुढे पसरतं आणि मागे राहतात नुसते ठिपके. त्यामुळे पुढची बाजू डोळे दिपवते, पण खरा हिशेब मागे लिहिलेला असतो: ठिपक्यांच्या रांगा सरळ आहेत का, कुठे गाठी आहेत, कुठे नवा दोरा घुसवलाय. यंत्रावर केलेल्या कामात मागे बॉबिनचा सलग, बहुतेक वेळा एकाच रंगाचा दोरा दिसतो. तो दिसला की पुढचं बघायचं कारणच उरत नाही.

पहिलाच नग घेणाऱ्यासमोर बहुधा तीन पर्याय येतात. बाजारात तिन्हींना सर्रास ‘बाग’ म्हटलं जातं. त्या नावावर जाऊ नका, कारण तिघींची ताकद आणि दुखणी वेगळी आहेत.

बाग म्हणजे जिच्यात खालचं कापड जवळजवळ दिसतच नाही ती. पीळ न दिलेलं रेशीम, ज्याला पंजाबीत पट म्हणतात, अख्ख्या खद्दरवर दाटून भरलेलं असतं. एकाच सोनेरी रंगाचे टाके काही जागी उभे, काही जागी आडवे घातले की उजेड दोन तऱ्हांनी परावर्तित होतो आणि एका रंगाचे दोन भासतात. वरपक्षाकडून सुनेला मिळणाऱ्या ‘वरी दा बाग’मधले एकात एक चौकट बसवलेले सोनेरी शंकरपाळे या एका युक्तीवर उभे असतात. भिंतीवर लावायला याहून देखणं काही नाही. पण तिघींत सगळ्यात नाजूकही हीच. पट मोकळं असल्याने अंगठीत, नखात, कपाटाच्या कडीत अडकतं. टाका पाव ते अर्धा सेंटीमीटरचा असेल तर तो टिकतो. एक सेंटीमीटरच्या वर गेला की धागे सुटे होऊन पिंजारतात. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेल्या बागेत घडीच्या रेषेवरचं रेशीम तुटलेलं असतं. ती रेषा बोटाने नव्हे, तिरप्या उजेडात डोळ्यांनी तपासा.

खद्दर कमी पन्ह्याचं विणलं जाई, म्हणून दोन किंवा तीन पट्ट्या जोडून ओढणीची रुंदी साधत. जोडावर नक्षी थोडी सरकलेली असली तर तो दोष मानू नये. काही बागांत पट्ट्या वेगवेगळ्या भरून मग शिवलेल्या असतात. खरा दोष म्हणजे कापलेली बाग. दोन्ही टोकांना पदर आहेत का ते बघा. एकाच टोकाला पदर असेल आणि दुसरीकडे नक्षी मध्येच थांबत असेल, तर तुकडा उशीच्या अभ्र्यासाठी किंवा जॅकेटसाठी गेलेला असतो. पूर्ण बाग साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लांब आणि सव्वा ते दीड मीटर रुंद भरते. टेप सोबत ठेवा.

आणखी एका ठिकाणी नवखे हमखास फसतात. सोनेरी बागेत अचानक एखादा हिरवा किंवा जांभळा चौकोन दिसतो, किंवा एखादा कोपरा मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. ती नजर लागू नये म्हणून केलेली बुट्टी असते, दुरुस्ती नव्हे. फरक पुन्हा मागच्या बाजूला कळतो: मूळ बुट्टीचे ठिपके शेजारच्या रांगांशी जुळतात, मागाहून केलेल्या डागडुजीचे जुळत नाहीत आणि दोरा बहुधा पिळाचा असतो.

सैंचीचं गणित वेगळं. ही माळव्याची, म्हणजे पंजाबातल्या माळवा भागाची, भटिंडा-फरीदकोटकडची. इथे भूमितीऐवजी चित्रं आहेत: ताक घुसळणारी बाई, नांगर, पहिलवान, मोर, दागिने, आगगाडी. आकृत्या आधी काळ्या शाईने कापडावर रेखाटून मग भरत, म्हणून रेशीम झिजलेल्या जागी खालची रेघ दिसते. ही रेघ म्हणजे उणीव नाही. उलट काम कसं झालं ते ती सांगते. सैंचीत मोडतोड सोसून घ्यावी, कारण चित्रं वाचता येतात तोवर तिचं मोल टिकतं. बागेचं तसं नाही, तिथे वरचं रेशीम गेलं की सगळंच गेलं. मात्र काळं आणि गडद तपकिरी रेशीम इतर रंगांच्या आधी तुटतं. ते रंग पक्के करायला लोहक्षार वापरलेला असेल तर तोच पुढे धागा खातो. आगगाडी दिसली म्हणून विक्रेता ‘१८६०चं’ म्हणेल. लाहोर-अमृतसर रेल्वे १८६२ मध्ये सुरू झाली, म्हणजे गाडीचं चित्र फार तर ‘याआधीचं नाही’ एवढं सांगतं. किती नंतरचं, ते त्यावरून ठरत नाही.

चोपकडे लोक कमी वळतात, आणि आम्हाला ती चूक वाटते. नातीच्या जन्मानंतर आईकडची आजी ही भरायला घेई आणि लग्नात ती नवरीला पांघरली जाई. लाल खद्दर, वर सोनेरी पिवळं रेशीम, लांब काठांलगत मोठमोठ्या त्रिकोणांच्या रांगा. टाका दुहेरी धावदोऱ्याचा, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. कर्नाटकातल्या कसुती भरतकामातला गवंती टाका ज्यांनी इरकलीवर पाहिला आहे त्यांना तो लगेच ओळखता येईल. मागची बाजू वाया जात नसल्याने चोप दोन खोल्यांमध्ये पडद्यासारखीही टांगता येते. फक्त आकार बागेपेक्षा मोठा, तेव्हा भिंत मोजून घ्या. चोपेच्या कडा रीतीप्रमाणे न दुमडता सोडलेल्या असतात. कापलेला तुकडा समजून ती नाकारू नका, आणि ‘नीटनेटकं’ करायला शिंप्याकडे तर मुळीच नेऊ नका.

बाकी प्रकार थोडक्यात. थिरमा म्हणजे पांढऱ्या खद्दरवरचं काम. फार सुंदर, पण डाग आणि पिवळेपणा लपत नाही. दर्शनद्वार गुरुद्वाऱ्यात किंवा देवळात अर्पण करत, त्यावर कमानी असतात. तिलपत्रावर टाके विरळ आणि कापड हलकं, ते शिकण्यासाठी घ्यावं.

तिन्हींना लागू पडणारी एक चाचणी विक्रेत्याची परवानगी घेऊन करा. कापसाचा बोळा स्वच्छ पाण्यात किंचित ओला करून मागच्या कोपऱ्यात प्रत्येक रंगावर अर्धा मिनिट दाबून धरा, चोळू नका. भडक जांभळा किंवा गुलाबी उतरला तर तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला रासायनिक रंग असण्याची शक्यता मोठी. म्हणून नग खोटा ठरत नाही, पण तो कधीही भिजवायचा नाही. मंजिष्ठेचं लाल खद्दर सहसा इतकं सुटत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुनं’ केलेलं कापड जोडाच्या आतही तितकंच पिवळं असतं. खरं जुनं कापड उजेड लागला तिथे फिकट आणि शिवणीच्या आत ताजं.

धुण्याचा विचार सोडाच. खद्दर आटतं, रेशीम तितकं आटत नाही, आणि सगळे टाके सैल होऊन लोंबतात. धूळ काढायची तर बारीक जाळी पसरून, व्हॅक्यूम सगळ्यात कमी ओढीवर ठेवून काढा. घडी न घालता आठ-दहा सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून आणि मध्ये धुतलेली पांढरी मलमल घालून गुंडाळा. मुंबई-कोकणात प्लास्टिकमध्ये बंद केलं तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. भिंतीवर वर्षातून तीनेक महिने, उन्हापासून दूर, एवढंच. संग्रहालयांत अशा कापडांवर ५० लक्सपर्यंतच उजेड ठेवतात.

तेव्हा मोठी भिंत आहे आणि घरात लहान मुलं, मांजर आहेत, तर चोप. जागा बेताची, पण जवळ बसून पुन्हा पुन्हा बघायचं आहे, तर सैंची, थोडी झिजलेली चालेल. बाग घ्यायची तर शाबूतच घ्या. फाटकी बाग स्वस्तात मिळाली म्हणून घेणं परवडत नाही, कारण पटाची डागडुजी जमणारे हात फार थोडे आहेत. खांद्यावर घ्यायची हौस असेल तर यांतली एकही नको, नव्या हातकामाची घ्या.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक वेगळी अट आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. पुण्यात घेतलेली बाग न्यू जर्सीला न्यायची तर ती शंभर वर्षांच्या आतली असल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागतो. दाखला मिळेपर्यंत पैसे पूर्ण देऊ नका.