किडनीच्या मांजराला ओलं खाणं की कोरडे दाणे?

बहिणीच्या बारा वर्षांच्या मनीची किडनी कमजोर निघाली. डॉक्टरांनी कमी फॉस्फरसचं रीनल, म्हणजे किडनीच्या आजारासाठीचं खाणं सांगितलं. आता पाउच घ्यावं की दाणे, यावर ती अडलीये.

खरा मुद्दा पाण्याचा. ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी, दाण्यांत जेमतेम १०. मांजर मुळातच कमी पाणी पितं, वाडगा भरून ठेवला तरी ही तूट सहसा भरत नाही. दाणे स्वस्त आणि दिवसभर टिकतात. उघडलेलं पाउच फ्रिजमध्येच हवं.

मनीला मी ओलंच देईन. मूतखड्याचा त्रास असलेल्या बोक्यालाही. तुम्ही दिवसभर बाहेर असाल किंवा मांजर ओल्याला तोंड लावत नसेल, तर रीनल दाणेच द्या. जेवढं चालेल तेवढं कोमट पाणी घालून. उपाशी मात्र ठेवू नका.