लातूरच्या मार्केट यार्डातले सात कॉम्प्युटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दुपारी तीनला आमच्या ऑफिसात टेबलाखाली पाय ठेववत नव्हते. समोर कूलर चालू आणि खालून सीपीयूची गरम हवा थेट घोट्यावर. आमच्याकडे कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ऑफिस लातूरच्या मार्केट यार्डाला लागून आहे. आडत्यांचे हिशोब, पट्ट्या (शेतकऱ्याला मालाच्या विक्रीची देतात ती पावती), टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, जीएसटी ही कामं. माणसं सात, कॉम्प्युटर सात.

दिवाळीच्या तोंडावर मी एक वॉट मीटर आणला. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा साधा डबा. दिवसभर एकेका टेबलावर फिरवला. चार मशीन इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरची आहेत, दोन आय३-८१०० आणि दोन आय५-८४००. ती कामात सरासरी ४५ वॉट खात होती. तीन जुनी आय५-२४०० वाली ७० च्या आसपास. मॉनिटरचे वीसेक वॉट वेगळे. सगळं मिळून ५३० वॉट. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. म्हणजे हजार वॉटचा हिटर अर्ध्यावर ठेवून आम्ही लातूरचा उन्हाळा काढत होतो. ‘एसी बसवा’ असं पुष्कळांनी सांगितलं, पण एसीलाही तीन युनिट उष्णता बाहेर टाकायला साधारण एक युनिट वीज लागते. आधी उष्णताच कमी करायची असं ठरवलं. शिवाय २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा इथे कूलर कोरडेच पडून होते. फक्त कूलरच्या भरवशावर राहायचं नाही, हे माझ्या मनात तेव्हापासून आहे.

पहिलं काम सफाईचं. सोयाबीनच्या हंगामात यार्डात भुशाची बारीक धूळ उडते, कूलर ती आत ओढतो आणि वर ओलसरही करतो. प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर नमद्यासारखा थर बसला होता. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो वाऱ्याने भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी आतली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली. एका आय५ चं तापमान जीएसटीच्या कामात ९२ अंशांवर जायचं, ते ७८ वर आलं. दर महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या गर्दीत, मशीन का रडतं हेही तेव्हा कळलं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

दुसरं काम फुकटचं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० असतं, ते ९९ केलं. एवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरने मध्येच घेतलेला जादा वेग, बंद होतो. आय५-८४०० हा ४ गिगाहर्ट्झवर उड्या मारायचा, तो २.८ वर शांत राहू लागला. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, म्हणून शेवटचा थोडा वेग फार महाग पडतो. तापमान आणखी आठ-दहा अंश उतरलं. टॅलीत काहीही फरक जाणवला नाही, मोठ्या एक्सेल फाइलला मात्र थोडा वेळ जास्त लागतो. आय३-८१०० ला टर्बोच नाही, त्यामुळे तिथे या सेटिंगचा उपयोग झाला नाही.

पण सगळ्यात मोठी गळती भलतीकडेच होती. आठव्या पिढीची चारही मशीन रात्रभर चालू राहायची, पडद्यावर स्क्रीनसेव्हर फिरत. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, पडद्यामागचा दिवा जळतच राहतो. मी ऑपरेटर मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “काका, रात्री बंद केला तर सकाळी पट्ट्यांच्या गर्दीत उघडायलाच दहा मिनिटं घेतो. लोक अंगावर येतात.” त्याचं खरं होतं. चारहींत जुनी हार्ड डिस्क होती. मीटरवर एकेकाचे मॉनिटरसकट ५५ वॉट, रोज १४ तास, म्हणजे चार मशीनचे महिन्याला ९० युनिटांच्या वर. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट १३ रुपयांना पडतं. चारही मशीनला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्क, बसवल्या, साधारण दोन-दोन हजारांच्या. आता अर्ध्या मिनिटात सुरू होतात आणि न सांगता सगळे जण संध्याकाळी बंद करून जातात. हा खर्च सात महिन्यांत फिटला. एसएसडी स्वतः कमी वीज खाते ते चार-पाच वॉटच, खरी बचत माणसांची धास्ती गेल्याने झाली.

जुन्या तिघांना विंडोज ११ चालत नव्हतं आणि १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यांच्या जागी इंटेल एन१०० या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचे मिनी पीसी घेतले, रॅम-एसएसडीसह सोळा-सोळा हजारांना. कामात १३ वॉट. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावल्यामुळे झाडूची धूळ लागत नाही आणि घोट्यावरची झळही गेली. पण फक्त वीज वाचवायला घेणार असाल तर घेऊ नका. एकामागे महिन्याला पंधरा युनिटच वाचतात, पैसे फिटायला सात वर्षं लागतील. रॅमची खाचही एकच आहे, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. पट्ट्या छापायचा आमचा डॉट मॅट्रिक्स जुन्या पॅरलल पोर्टचा, तो पोर्ट याला नाहीच. यूएसबीची जोड-केबल आणेपर्यंत दोन दिवस हाताने पट्ट्या लिहिल्या. लहान पंखा दर दोन महिन्यांनी साफ करावा लागतो.

एक चूक माझीच. उत्साहात सगळ्यांना १५ मिनिटांनी स्लीप लावलं, त्यात टॅलीचा डेटा असलेलं मशीनही झोपलं आणि इतर सहा जणांचं काम मध्येच तुटलं. डेटाच्या मशीनला दिवसा फक्त मॉनिटर बंद होईल एवढंच ठेवा.

आता सातही चालू असताना मीटरची बेरीज ३२० च्या आसपास येते. या मे महिन्यात दुपारी लाईट गेली की इन्व्हर्टर पूर्वीपेक्षा पाऊण तास जास्त ओढत होता, तेवढ्या वेळात रांगेतल्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघून जायच्या. दोन मॉनिटर अजून जुने, पडद्यामागे एलईडीऐवजी बारीक ट्यूबलाइट असलेले एलसीडी आहेत. ते एलईडीवाल्यांच्या जवळपास दुप्पट वीज खातात. सोयाबीन यायच्या आत तेही बदलतोय.