अवे रोटेशन: जुलैचे सार्थकी लागले, ऑक्टोबरचे नाही

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या वर्षी आपले कॉलेज सोडून दुसऱ्या रुग्णालयात साधारण चार आठवडे काम करण्याला अवे रोटेशन म्हणतात. इमर्जन्सी मेडिसिनसाठी मी अशी दोन रोटेशन्स केली. प्रवास आणि भाड्याची खोली हा दोन्ही वेळचा खर्च स्वतःच्या खिशातून केला असल्यामुळे या निर्णयाविषयी मनापासून लिहावेसे वाटते.

अर्ज बहुतेक ठिकाणी व्हीएसएलओ या सामायिक पोर्टलवरून होतो. लसीकरणाच्या नोंदी, पार्श्वभूमी तपासणी आणि बीएलएसचे (प्राथमिक जीवनरक्षण प्रशिक्षणाचे) प्रमाणपत्र वसंत ऋतूतच हाताशी ठेवले, तर पुढची धावपळ बरीच वाचते.

या शाखेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात होणाऱ्या प्रशिक्षणाच्या, अर्जात खरे मोल स्लो नावाच्या ठरावीक नमुन्यातील शिफारसपत्राचे असते. त्यात केवळ स्तुती नसते. इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता, हे रोटेशन जिथे केले त्या विभागाला नोंदवावे लागते. २०२२ च्या जानेवारीत स्टेप १ या अमेरिकी वैद्यकीय परवान्याच्या पहिल्या परीक्षेचे गुण जाऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल उरल्यापासून अशा पत्राचे वजन आणखी वाढले आहे, असे माझे मत आहे.

जुलैच्या रोटेशनमध्ये, दर शिफ्टला अटेंडिंग, म्हणजे देखरेख करणारे वरिष्ठ डॉक्टर, बदलत असूनही, मला शिकवले गेले. एका संध्याकाळी भुवईपाशी कापलेल्या लहान मुलाला मी टाके घालत असताना अटेंडिंग बाई मागे हात बांधून शांतपणे उभ्या होत्या. शिफ्ट संपल्यावर त्यांनी मूल्यमापनाचा फॉर्म माझ्यासमोरच उघडला आणि म्हणाल्या, “पेशंटकडे तू पुन्हा पुन्हा जाऊन बघतेस, हे चांगले आहे, पण केस मांडताना सर्वांत घातक शक्यता आधी सांग.” आज रेसिडेन्सीत प्रत्येक छातीदुखीच्या रुग्णाविषयी बोलताना मी तेच करते.

ऑक्टोबरच्या रुग्णालयाचे नाव घेत नाही. तिथे संगणकाचे लॉगिन चौथ्या दिवशी मिळाले, तोवर मला एकही नोंद लिहिता आली नाही, आणि स्लो नोव्हेंबरच्या मध्यात पोहोचले. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस रेसिडेन्सी देणाऱ्या रुग्णालयांच्या हाती पडतात, त्यामुळे ते पत्र येईपर्यंत मुलाखतींची बहुतेक बोलावणी निघून गेली होती. चूक माझीही होती, कारण मी तारीख विचारलीच नव्हती.

म्हणून माझा कौल असा: ज्यांच्या कॉलेजात स्वतःची इमर्जन्सी रेसिडेन्सी नाही, त्यांनी किमान एक अवे रोटेशन करावेच, आणि ते जुलै ते सप्टेंबरच्या आत करावे. ऑर्थोपेडिक्स किंवा न्यूरोसर्जरीत तर महिनाभर प्रत्यक्ष पाहिलेल्या विद्यार्थ्याला तिथले लोक ओळखतात, म्हणून तिथे दुसऱ्या रोटेशनचाही विचार व्हावा. इंटर्नल मेडिसिनसाठी मात्र, विशिष्ट शहरातच राहायचे असल्याखेरीज, मी हा खर्च सुचवणार नाही.

महाराष्ट्रातून एमबीबीएस करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पदवी हाती आल्यावर बहुतेक ठिकाणी केवळ ऑब्झर्व्हरशिप मिळते, म्हणजे रुग्णाला हात न लावता पाहणे. प्रत्यक्ष काम करायचे असेल, तर विद्यार्थी असतानाच इलेक्टिव्हचा, म्हणजे ऐच्छिक रोटेशनचा, अर्ज करावा लागतो.

जागा स्वीकारण्यापूर्वी तिथल्या समन्वयकाला ईमेल करून लॉगिन कधी मिळेल, शिफ्ट किती असतील आणि स्लो कोणत्या तारखेपर्यंत अपलोड होईल, हे लेखी विचारून घ्यावे.